माह्यं चुकलं, मशीन थांबवा!

कापसाच्या जिनाच्या फाटकावर सकाळची हजेरी व्हायची, तेव्हा लखीराम मिस्त्री "कचरी उकंडा!" असा पुकारा करायचा आणि समोरच उभी असलेली बाई हूं की चूं करायची नाही. तो पुन्हा ओरडायचा. ती आभाळातली बगळ्यांची रांग पाहत राहायची. मागच्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. शेवटी मिस्त्री दात खाऊन म्हणायचा, "सत्यशीला मारोती!" की लगेच खणखणीत आवाज यायचा, "हाजर!"

हा तमाशा दोन हंगाम चालला. मग मिस्त्रीच थकला.

बापाचं नाव उकंडा म्हणून लेकीचं कचरी. आधीची लेकरं जगली नव्हती. नाव ओंगळ ठेवलं की सटवीची नजर लागत नाही, अशी समजूत. छप्पनच्या दसऱ्याला सारी वस्ती मिळेल त्या गाडीनं नागपूरला गेली, तेव्हा तीही नवऱ्याबरोबर, बापाबरोबर गेली. परत आली ती पांढऱ्या लुगड्यावर पसाभर धूळ आणि नवं नाव घेऊन. नाव तिनं स्वतःच निवडलं होतं. वाटेत कुणाच्या तरी तोंडी तो शब्द आला, तिला आवडला, तिनं घेतला. विचारलं कुणालाच नाही.

उकंडानं मात्र धर्म बदलला तरी त्याच्या तोंडी बसलेलं एक वाक्य काही सुटेना. "चुकलं मायबाप." पाटलाचा बैल लंगडला, चुकलं मायबाप. सावकाराच्या विहिरीचा दोर तुटला, चुकलं मायबाप. दोर कुणी तोडला, बैल कुणी दामटला, याच्याशी त्या वाक्याचा काही संबंध नसायचा. नागपूरहून आल्यावर थोड्याच दिवसांत बाजारात कोतवालाचा त्याला धक्का लागला आणि उकंडाचेच हात आपोआप जुळले. सत्यशीलेनं ते हात दोन्ही बाजूंनी धरले आणि भर बाजारात ओढून वेगळे केले.

"बा, आता कोनापुढं नाई."

"सवय हाये वं माय," म्हातारा ओशाळून म्हणाला. "जाईन हळूहळू."

हे वाक्य आपल्या तोंडून जन्मात निघणार नाही, अशी गाठ तिनं त्याच दिवशी पदराला मारली.

पांढरकवड्याच्या हमरस्त्याला लागून असलेलं ते जिन आधी वाफेच्या इंजिनावर चालायचं. साठनंतर वीज आली. शेठनं मुंबईहून मोटरी मागवल्या, नवी मशीन बसवली, रुईच्या गाठी बांधणारा नवा प्रेस उभा केला. सगळ्या तालुक्यात तसलं यंत्र नव्हतं. घाटंजीकडचे शेतकरी वाट वाकडी करून नुसते पाहायला यायचे आणि दारातूनच "बापा बापा!" करत परत फिरायचे.

आत काम करणाऱ्या रेजांना, म्हणजे मजूर बायांना, बापा बापा म्हणायला फुरसत नव्हती. मशीनच्या मागं ओट्यावर उभं राहायचं, पाटीतला कापूस रुळांकडं सारत राहायचं. पुढून रुई निघते, खालून सरकी पडते. कापूस पात्यापाशी गुंतला की लोखंडी आकडीनं ओढून मोकळा करायचा, आणि तोही मशीन चालू असतानाच. मोटर बंद करायचा खटका मिस्त्रीच्या खोलीत, आणि खोलीची किल्ली मिस्त्रीच्या करगोट्याला.

मशीन नवी आली तशी एक शिक्षाही नवी आली. जिच्या हातून काही बिघडेल, तिनं सुटीच्या वेळी फाटकाशी दोन्ही कान धरून उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकासमोर म्हणायचं, "माझं चुकलं, मायबाप." मिस्त्रीची भाबडी समजूत अशी की, लाज वाटली म्हणजे माणूस जपून वागतो. त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. तरुणपणी दुसरीकडच्या गिरणीत गेली होती. "मैं डर के सीखा," तो सांगायचा. "डर छूटा, की बोट गया."

झालं असं की, चुका कमी झाल्या नाहीत, दिसेनाशा मात्र झाल्या. कापसात दगड निघाला तर बाया तो गुपचूप कमरेला खोचायच्या. पाटीत बांगडी फुटली तर तुकडे पायानं ओट्याखाली लोटायच्या. आकडी वाकली तर दगडानं ठोकून सरळ करायच्या आणि तोंड मिटून घ्यायच्या. "किसकी गलती?" असं मिस्त्रीनं विचारलं की सगळं जिन मुकं.

बासष्टच्या माघात, हंगाम ऐन भरात असताना, सत्यशीलेच्या हातून आकडी सुटली.

उन्हं खिडकीवरून उतरली होती, बल्ब लागले होते. पात्यापाशी गोळा गुंतला म्हणून तिनं आकडी घातली. रुळानं ती अशी हिसकली की तळहात भाजल्यासारखा झाला. कड्‌कन आवाज झाला, बारकीशी निळी ठिणगी उडाली आणि आकडीचं टोक रुईबरोबर पुढं निघून गेलं. तिच्या हातात उरली नुसती दांडी.

शेजारच्या मशीनवर तांड्यावरची रुपीबाई होती. तिनं पाहिलं. तिनं डोळ्यांनीच दाबलं, चूप राह्य.

आणि सत्यशीला चूप राहिली. फाटक तिच्या डोळ्यांपुढं आलं, दोन्ही कान आले, ते वाक्य आलं. पुढून एक बाई रुईची पाटी भरून घेऊन गेली. दुसरी घेऊन गेली. पाट्या हातगाडीत रित्या झाल्या, हातगाडी प्रेसच्या वाटेला लागली. प्रेसच्या खोल पेटीत उतरून रुई पायांनी तुडवण्याचं काम तेव्हा मारोतीकडं होतं. तिचा नवरा त्या पेटीत कमरेइतक्या रुईत उभा असणार, हे तिला तेव्हा आठवलं.

तिनं ओट्यावरून उडीच टाकली. "माह्यं चुकलं! आकडी गेली! मशीन थांबवा!" मशीनच्या घरघरीत कुणाला ऐकू जातंय? ती पळत सुटली. आवारात हातगाडी गाठली, खांदा लावला आणि भरली गाडी जमिनीवर उलटी केली. गाडीवाले शिव्या द्यायला तोंड उघडतात न उघडतात, तोच त्या पांढऱ्या ढिगातून सुतासारखा धूर निघाला.

बालट्या आल्या, पाणी ओतलं. मिस्त्रीनं खटका पाडला. विझलं. ढीग उपसला तेव्हा काळ्या पडलेल्या रुईत आकडीचं टोक सापडलं.

सगळं जिन आवारात गोळा झालं होतं. मिस्त्रीनं नेहमीचा सवाल टाकला, "किसकी गलती?"

"माह्यी," सत्यशीला म्हणाली.

त्या सवालाचं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं, त्यामुळं मिस्त्रीच क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, "चल फाटकावर. कान पकड अन् बोल."

"बोलून झालं, मिस्त्री. तुमच्या आधी बोलली मी, सगळ्याइच्या आधी. आग विझवाची होती म्हनून बोलली. माफी मांगाले नाई बोलली."

"नियम म्हणजे नियम!"

"मंग तुमच्या नियमाले धरू द्या कान."

हसू फुटलं ते हमालांत फुटलं आणि तिथंच तिचं काम गेलं. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही. फाटकातून मात्र मुद्दाम सावकाश गेली.

घरी मारोती चुलीपाशी बसून राहिला. आज आपण जळालो असतो, हे त्याला कळत होतं. उद्यापासून एकाच्या हातावर घर, हेही कळत होतं. "तुह्यामुळं वाचलो," तो म्हणाला, आणि चुलीत लाकूड सारून, "पन एक डाव बोलली असती, तर काय गेलं असतं?"

"तुमाले ठावं हाये काय गेलं असतं."

मारोती तसा भांडणारा माणूस नव्हताच.

ती शेतावर वेचणीला जाऊ लागली. आठवडा उलटला असेल, एक दिवस उकंडा काठी टेकत हसत घरात आला. "जाय उद्यापासून जिनात. मिस्त्री घेतो म्हंते."

"काहून घेतो?"

म्हातारा घुटमळला. सत्यशीलेनं हातातलं पीठ तसंच ठेवलं. "बा, तू गेलता फाटकावर?"

"गेलतो."

"काय बोलला?"

उकंडा काठीच्या टोकानं जमीन उकरत राहिला. मग डोळे न उचलता म्हणाला, "बोललो जे बोलाचं ते. पोरगी नादान हाये, चुकलं मायबाप. कानबी धरले. माह्ये कान हायेत, तुह्ये नाई. तुह्यं काही गेलं नाई त्याच्यात."

तिला संताप आला आणि रडायचं तर नव्हतंच. म्हातारा उन्हात दीड कोस चालत गेला होता. सगळ्यांच्या देखत उभा राहिला होता. लेकीच्या भाकरीसाठी. त्याला बोल लावायचा तर कुठल्या तोंडानं?

"मी जानार नाई, बा."

"आता कायले आडून बसली? झालं ना समदं!"

"तू माह्यासाठी जी इज्जत देली ना, ती मी त्या मिस्त्रीले ठेवून घेऊ देनार नाई," ती म्हणाली. "त्याच्याकडून वापस आनीन मी."

उकंडाला त्यातलं काही समजलं नाही. त्यानं भाकरी खाल्ली आणि काठी घेऊन निघून गेला. जाताना उंबऱ्यापाशी थांबून म्हणाला, "तू माह्या मायवर गेली. तीबी अशीच खोडील होती."

सत्यशीला जिनात परत गेली नाही, पण दुपारी मारोतीची शिदोरी घेऊन तिला फाटकापर्यंत यावंच लागे. फाटकाबाहेर एक कडुनिंब होता. जेवणाच्या सुटीत बाया तिथंच भाकरी सोडायच्या. पहिले दोन-चार दिवस त्या तिच्याशी बोलताना बिचकल्या. मग रुपीबाईच एका दुपारी तिच्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, काल माह्यी आकडी वाकली."

"मंग?"

"मंग काय? ठोकून सरळ केली. तुले सांगून राह्यली फक्त. पोटात ठेवून ठेवून मळमळते."

सत्यशीला आता जिनाची कुणीच नव्हती. तिला सांगितल्यानं कुणाचं काही वाकडं होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी पंचफुलानं सांगितलं, हंसाबाईनं सांगितलं. भाकरीबरोबर रोज चुका सुटू लागल्या. एकीचा पदर पट्ट्यात जाता जाता वाचला होता. एकीनं झोपेच्या गुंगीत सरकीच रुळाकडं सारली होती. आधी चोरट्यासारखं बोलायच्या, मग हसायला लागल्या. "तुह्यंबी तसंच झालं का वं? मले वाटे, मीच एक येडी!"

आणि असं बोलता बोलता एक गोष्ट आपोआप वर आली. जवळजवळ सगळ्यांची आकडी दिवेलागणीलाच सुटत होती. काहून? बल्ब पाठीमागं लावलेला. आपलीच सावली नेमकी पात्यावर पडते आणि हात आंधळा होतो. दुसरी गोष्ट हंसाबाईच्या ध्यानात आली. ती सगळ्यांत जुनी. "वाफंचं इंजिन व्हतं तवा आकडी कोनाचीच जात नव्हती. इंजिनाले पानी पाजाले मशीन बंद होये, आपुन तवा साफ करू. हे बिजलीचं धूड ना पानी पीत ना थांबत."

"म्हंजे मशीनले थकवा नाई, म्हनून आपल्यालेबी नसावा," रुपीबाई म्हणाली.

सत्यशीला नुसती ऐकत होती. आपल्या हातून आकडी सुटली त्या संध्याकाळी बल्ब पाठीशीच होता, हे तिला आता आठवलं. चूक तिची होती, हे ती अजूनही नाकारत नव्हती. पण एकटीची नव्हती.

फाल्गुनात पंचफुलाचं बोट गेलं. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं. दवाखान्यातून पट्टी बांधून आणली आणि त्याच दुपारी, मशीन अर्धा दिवस बंद राहिली म्हणून, मिस्त्रीनं तिला फाटकाशी उभं केलं. डावा हात तिला उचलवेना. उजव्या हातानं तिनं एकच कान धरला आणि ओठ हलवू लागली.

सत्यशीला शिदोरी घेऊन आली ती हे पाहून थबकली. शिदोरी तिनं मारोतीच्या हातात दिली, पंचफुलाजवळ गेली, तिचा हात कानावरून काढला आणि तिला निंबाच्या सावलीत नेऊन बसवलं.

"ए! तेरा क्या काम इधर?" मिस्त्री धावून आला.

"तुमची बोटं गेली तवा तुमी भेत होते ना, मिस्त्री?"

"तो?"

"भेऊनच गेली ना मंग? का भ्याले म्हनून वाचली?"

मिस्त्रीनं नकळत तो हात पाठीमागं नेला. सुटी संपल्याचा भोंगा झाला. एकही बाई उठली नाही. भोंगा पुन्हा झाला. रुपीबाईनं आपली भाकरी सावकाश फडक्यात बांधली आणि पाय लांब केले.

हमरस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. बैल ताटकळले, गाडीवान कावले. "काय झालं वं बायांनो? आमी इथं कितीक ताटकळाचं?" असा गलका सुरू झाला. तासाभरात शेठ जीपमधून उतरले. त्यांनी मिस्त्रीला बाजूला केलं आणि थेट सत्यशीलेसमोर आले. कामावरून गेलेल्या बाईनं काम करणाऱ्यांना बसवून ठेवावं, याचा त्यांना जास्त राग होता.

"तुमच्या हातून चुका होणार, माझा माल जळणार, आणि अटीही तुम्हीच घालणार?"

"शेठ, चूक तं होईनच. कान धरा, नाक धरा, माणूस हाये तथी चूक हाये. मी लपवली असती, तं तुमचा प्रेस जळाला असता अन् माह्या नवऱ्याची राख झाली असती. सांगतली म्हनून काम गेलं. आता तुमीच सांगा, तुमाले लपवनाऱ्या बाया पाह्यजेत का सांगनाऱ्या?"

गाडीवानांतला एक म्हातारा मध्येच म्हणाला, "बाई बराबर बोलून राह्यली, शेठ. माह्या कापसात आग ठेवून गाठ बांधसान, तं कोनाच्या उपेगाची?"

मग बाया एकेक करून बोलल्या. दुपारी आणि दिवेलागणीला मशीन बंद करून साफ करू द्या. बल्ब पाठीवरून समोर आणा. आकडीला दोरी बांधा, म्हणजे सुटली तरी आत जाणार नाही. फाटकावर कुणीही कान धरणार नाही. आणि ओट्याच्या कडेनं एक दोरी लावा; ओढली की मोटर बंद.

"दोरी?" शेठ उखडले. "प्रत्येक रेजा उठून माझं जिन बंद करणार? ते जमायचं नाही. आणि ही बाई पुन्हा आत यायची नाही."

बल्ब दुसऱ्याच दिवशी फिरला, कारण त्याला काही लागत नव्हतं. साफसफाईची वेळही ठरली, आकड्यांना दोऱ्या लागल्या. पण सत्यशीलेशिवाय बाया आत जाईनात, आणि गाड्यांची रांग पार नाल्यापर्यंत गेली. तिसऱ्या सकाळी हजेरीला लखीराम मिस्त्रीनं तिचं नाव घेतलं. नीट घेतलं. "हाजर!" म्हणत ती आत शिरली.

कान धरणं संपलं, तसा नियम काही निघाला नव्हता. धरायला कुणी उरलंच नाही. आता जिनात दिवसातून दोन-चारदा आरोळी उठायची आणि तोंडोतोंडी मिस्त्रीच्या खोलीपर्यंत जायची, "माह्यं चुकलं, मशीन थांबवा!" आधी मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मग एक दिवस तेल घालताना त्याचाच पाना मशीनवर राहिला आणि सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला. बाया दिवसभर त्याची नक्कल करत होत्या. तो चिडला, पण त्यानं कुणाला काही म्हटलं नाही. भीतीनंच माणूस हात जपतो हे त्याचं मत मात्र शेवटपर्यंत बदललं नाही.

मोटर बंद करायच्या दोरीसाठी पुढचे दोन हंगाम भांडण चाललं. शेठ "बघू" म्हणायचे आणि बघायचे नाहीत. सत्यशीला दर सोमवारी आठवण द्यायची. जीप फाटकात शिरली की आडवी यायची. ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, ती बाजूला व्हायची नाही. शेवटी दुसऱ्या एका गावचं जिन आगीत बेचिराख झालं, ती बातमी आली आणि शेठनं वीजवाला बोलावला. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाडजूड सुती दोरी आली.

चार दिवस तिला कुणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी, टळटळीत दुपारी, रुपीबाईनं ती ओढली.

मोटर घरघरत बसली. पट्टे सैलावले, रुळ थांबले. इतकी शांतता झाली की, बाहेरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आत आला. मिस्त्री धावत आला, प्रेसवाले आले, योगायोगानं शेठही आवारातच होते, तेही आले. सगळ्यांनी मशीन पाहिली, रुई चाचपली, ओट्याखाली वाकून पाहिलं. काहीच नव्हतं.

रुपीबाईनं दोरी अजून सोडली नव्हती. "मले धूर दिसला वं बाई," ती सत्यशीलेला म्हणाली. "कवडशात धूळ होती. धूळच होती. मले धूर वाटला."

शेठनं मिस्त्रीकडं पाहिलं. मिस्त्रीनं तोंड उघडलं.

"कोनी काही बोलाचं नाई," सत्यशीला दोघांच्या मध्ये येऊन म्हणाली. ती रुपीबाईकडं वळली. "पुन्हा दिसला, तं पुन्हा ओढ. दहा डाव धूळ निघाली तरी अकराव्यानं ओढजो."

शेठ टोपी नीट करून आपल्या खोलीकडं गेले. मिस्त्री खटक्याकडं निघाला. बाया पदर खोचून ओट्यावर चढल्या, आणि मोटर पुन्हा सुरू झाली.